ढिगाखालचे ओले धान्य

गाडी दुरुस्तीला टाकावी आणि ती आणखी बिघडून यावी, हा आपल्याकडे तक्रारीचा नव्हे, गप्पांचा विषय आहे. चहाच्या हॉटेलात चार माणसे बसली की प्रत्येकाकडून एक किस्सा निघतो. एकाने ब्रेक आवळायला गाडी दिली तर हॉर्न बंद होऊन आला, दुसऱ्याच्या टाकीवर हातभर ओरखडा उठला, तिसऱ्याचा मूळचा कार्बोरेटर जाऊन तिथे कोणाचा तरी जुना बसला. सगळे हसतात, चहाचे पैसे देतात आणि आपापल्या कामाला लागतात. मीही वर्षानुवर्षे असाच हसत आलो. दोन वर्षांपूर्वी, रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात, माझ्याच गाडीचा किस्सा झाला आणि हसू आले नाही. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. कारागिराच्या हातून आपली वस्तू बिघडली तर त्याचा गुन्हा नेमका कोणता? बिघडवण्याचा, की आणखी कशाचा?

गोष्ट एका बोल्टची आहे. माझी गाडी २००८ सालची स्प्लेंडर, हीरो आणि होंडा एकत्र होते त्या काळातली. मी राहतो बीडला आणि शाळा आहे गेवराईच्या बाजूला एका खेड्यात. एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत, म्हणून रोजचे जाणे-येणे गाडीवर. शाळेच्या गावाच्या फाट्यावर एक गॅरेज आहे. उस्ताद पन्नाशीचे, नमाजी, हाताने हुशार. पाच-सहा वर्षे गाडी त्यांच्याकडेच जाते. त्या दिवशी ऑइल बदलायला गाडी टाकली आणि शाळा सुटल्यावर घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. परत जाऊन दाखवले. उस्ताद खाली वाकले, बोटाने पुसले आणि म्हणाले, "मास्टरसाब, वॉशर नवा है. दो दिन में बैठ जाता."

मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यात माझा आळसही होता, हे आज कबूल करतो. या गाडीच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल मावते. ते किती उरले हे पाहायला इंजिनाच्या बाजूला झाकणालाच पट्टी असते. झाकण काढायचे, पट्टी पुसायची, बुडवून पाहायची. अर्ध्या मिनिटाचे काम. मी ते केले नाही.

चौथ्या दिवशी अम्मीला मागे बसवून मामूंकडे नेकनूरला निघालो. मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिनातून खडखड आवाज आला आणि पाहता पाहता गाडी जागच्या जागी आवळल्यासारखी झाली. मागचे चाक घसरले. नशिबाने हात क्लचवर गेला, चाक सुटले आणि गाडी कडेच्या मातीत जाऊन आडवी झाली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याला दोन ट्रॉल्या जोडलेल्या. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला. अम्मीचे कोपर सोलवटले, तेवढ्यावर निभावले. उठून पदर झटकत ती पहिले म्हणाली, "अल्लाह का शुक्र है." आणि दुसरे म्हणाली, "कोण रिपेर करा था ये गाडी?"

गाडी टेम्पोत घालून बीडला आणली आणि दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडली. ऑइल संपल्यामुळे पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. ते का संपले, तेही दिसले. ऑइल काढण्याचा खालचा बोल्ट मिस्त्रीने पाना न लावता बोटांनीच ओढून काढला. बोल्टभोवती पांढरी टेप गुंडाळलेली आणि वरून चिकटमाती थापून काळा रंग फासलेला. आतले आटे मेलेले होते. बोल्ट पोलादी असतो आणि इंजिनाचे खालचे कवच अॅल्युमिनियमचे. गरजेपेक्षा जास्त आवळले की मऊ धातूचे आटे सोलून निघतात. यात जगावेगळे काही नाही. मिस्त्री म्हणाला, असे रोज एक-दोन येतात. लेथवर नेऊन मोठे आटे पाडायचे आणि जाड बोल्ट बसवायचा, किंवा आत पोलादी आटे बसवून घ्यायचे. काही शे रुपयांत आणि एका दुपारीत निस्तरणारी गोष्ट. ती लपवल्यामुळे बोअर, पिस्टन, रिंगा, टेम्पो आणि मजुरी धरून मला चार हजार दोनशे रुपये लागले. अम्मीच्या कोपराचा हिशेब वेगळा.

तो बोल्ट हातात घेऊन बसलो असताना मला मदिन्याच्या बाजाराची ती हदीस आठवली, जी मी दरवर्षी मुलांना सांगतो. रसूलुल्लाह (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला की पाऊस लागला. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की मग हे ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, हे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यातल्या एका गोष्टीकडे माझे लक्ष तोवर गेले नव्हते. पाऊस कशाला पडू दिलास, धान्य झाकले का नाहीस, असा सवाल त्या व्यापाऱ्याला केला गेला नाही. पाऊस पडतो, धान्य भिजते. दोष आहे तो ओले खाली आणि कोरडे वर ठेवण्याचा. माझ्या बोल्टवरची चिकटमाती हेच ते वरचे कोरडे धान्य होते.

इथवर प्रश्न सोपा होता. तो अवघड झाला दुसऱ्या दिवशी. शाळा सुटली, मुले गेली आणि वर्गाच्या दाराशी एक मुलगा येऊन उभा राहिला. सोळा वर्षांचा, नखांत काळे ऑइल. माझाच जुना विद्यार्थी. आठवीनंतर शाळा सुटली आणि तो त्या गॅरेजात शागिर्द म्हणून लागला. वडील मोंढ्यात हमाली करतात. म्हणाला, "सर, वो बोल्ट मेरेसेच मरा. उस्ताद नमाज कू गये थे. मैं पाने कू पाइप लगाके टाइट करा." पान्याला पाइप लावला की हाताची ताकद दुप्पट-तिप्पट होते आणि बोल्ट किती आवळला हे कळत नाही. त्याने उस्तादांना आल्या आल्या सांगितले होते. एक चापट बसली, बोल्टला टेप लागली आणि तोंड बंद ठेव असा हुकूम झाला. घाटातली बातमी फाट्यावर पोचल्यावर त्याला दोन रात्री झोप आली नाही. सगळे सांगून झाल्यावर त्याने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, "मैं बोला करके बोलू नको सर. निकाल देंगे."

आता माझ्याजवळ साक्षीदार होता आणि तो वापरता येत नव्हता. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते, हेही हदीसच सांगते. एखादा माणूस बोलताना इकडेतिकडे पाहतो, तेवढ्यानेसुद्धा त्याचे बोलणे अमानत ठरते. एका बाजूला माझी गाडी, जी मी अमानत म्हणून दिली होती आणि जी मला बिघडवून परत मिळाली. दुसऱ्या बाजूला या मुलाचे बोलणे, जे आता माझ्याकडे अमानत होते. एका अमानतीचा हिशेब मागण्यासाठी दुसरी मोडावी का? मी त्याला शब्द दिला की नाव घेणार नाही. पण नाव घेतले नाही तरी हिशेब मागायचा की नाही, आणि मागायचा तर कोणाकडे, हे उरलेच.

आपल्या फिकहमध्ये हा प्रश्न नवा नाही. मोटारसायकल नव्हती, पण धोबी होता, रंगारी होता, शिंपी होता, हमाल होता. जो अनेकांचे काम घेतो आणि कामाची मजुरी घेतो, त्याला ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणतात. जो एकाच मालकाकडे ठरावीक वेळ राबतो तो ‘अजीर-ए-खास’. हजरत अली (रजि.) यांच्याविषयी नोंद आहे की ते रंगारी आणि सोनार यांच्यासारख्या कारागिरांवर नुकसानीची भरपाई, म्हणजे जमान, बसवत असत. कारण त्याशिवाय लोकांचे व्यवहार सरळ राहणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. बाराव्या शतकात फरगण्याच्या मर्गिनानचे बुऱ्हानुद्दीन यांनी ‘हिदाया’ लिहिला. १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि इंग्रजांच्या कोर्टांतही तो वापरला गेला. त्यात या विषयावर एक पूर्ण प्रकरण आहे.

इमाम अबू हनीफा यांच्या मते कारागिराच्या ताब्यातली वस्तू ही अमानत आहे. ती त्याच्या कृतीशिवाय गेली, समजा चोरीला गेली, तर त्याच्यावर भरपाई नाही. त्यांचे दोन्ही मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, इथे त्यांच्याशी सहमत नाहीत. मोठी आग किंवा शत्रूचा हल्ला असे टाळता न येणारे कारण असेल तरच कारागीर सुटतो, नाहीतर भरपाई द्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. पण कारागिराच्या स्वतःच्या हाताने जे बिघडते, त्याबाबत तिघांचे मत एकच आहे. धोब्याने आपटताना कापड फाटले, हमाल ठेचकाळला, ओझ्याची दोरी तुटली, तर भरपाई त्याची. हेतू वाईट नसला तरी.

उलट बाजूही मांडलेली आहे. अबू हनीफांचेच शिष्य इमाम जुफर आणि पुढे इमाम शाफई म्हणतात की मालकानेच काम करायला सांगितले, मग कामातून झालेल्या नुकसानीची भरपाई कशी मागणार? या मुद्द्याला हिदायात दिलेले उत्तर मला फार विचार करायला लावणारे वाटते. परवानगी होती ती नीट कामाची. बिघडवण्याचे काम करारात नव्हतेच. आणि जो मजुरी न घेता मदत करतो त्याच्यावर मात्र ही जबाबदारी नाही, कारण तशी बसवली तर कोणी कोणाला मदतच करणार नाही. म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला हात लावणारा वाटसरू सुटला. मजुरी घेणारा सुटत नाही. शरीराची शीर उघडणाराही, त्याने धंद्याची रीत सोडली नसेल तर, सुटतो. कारण माणसाच्या शरीराची ताकद बाहेरून कळत नाही. पण कापड जाड की पातळ, हे धोब्याला हाताने कळते. बोल्ट कितपत आवळावा, हेही मेकॅनिकला हाताने कळते. ज्याला कळत नाही त्याच्या हाती पाना आणि पाइप देऊन आपण नमाजला जावे काय, हा त्यातला पुढचा प्रश्न. शागिर्द हा उस्तादांचा अजीर-ए-खास. सांगितलेले काम करताना त्याच्या हातून झालेले नुकसान उस्तादांच्या माथी जाते. म्हणजे भरपाई त्या मुलाकडून मागायची नव्हती.

देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने तिची तेवढी काळजी घ्यावी, जेवढी एखादा सामान्य समजदार माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. याच कायद्याचे कलम १७० कारागिराचा हक्कही सांगते. मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी असेल तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. हे सगळे ठाऊक असूनही मी गेलो नाही. पहिले कारण म्हणजे माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. कुठल्या दिवशी गाडी दिली, मीटरवर किती किलोमीटर होते, काय काम सांगितले, किती पैसे दिले, यातले काहीच लिहून घेतलेले नव्हते. दुसरे कारण तो मुलगा. प्रकरण वाढले असते तर साक्ष त्याच्याकडेच गेली असती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून फाट्यावर गेलो. बोल्ट खिशात होता. उस्तादांसमोर ठेवला आणि एवढेच म्हणालो, "उस्ताद, ही टेप कोणी लावली ते मी विचारत नाही. आता जमान कोणाचा, एवढे सांगा." ते बराच वेळ बोल्टकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्टरसाब, ऑइल बदलने के मेरेकू पचास रुपये मिलते. पचास रुपये में पूरे इंजिन का जमान मैं कैसा दूँ?"

हा बचाव खोटा नव्हता. कंपनीच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगची मजुरी आणि फाट्यावरची मजुरी यांत मोठे अंतर आहे. ते अंतर आपल्यालाच हवे असते म्हणून आपण फाट्यावर जातो. स्वस्त काम हवे, उधारीवर हवे, आत्ताच्या आत्ता हवे, अस्सल पार्ट नको, ‘लोकल टाका’ म्हणायचे, आणि नुकसान झाले की शोरूमचा कायदा दाखवायचा. पण हिदायातले उत्तर इथेही लागू होते. मजुरी थोडी असणे वेगळे आणि मजुरी नसणे वेगळे. पन्नास रुपये घेतले त्याने पन्नास रुपयांचेच, पण नीट काम विकलेले असते. जमान जड वाटत असेल तर मजुरी वाढवून मागावी, काम नाकारावे, किंवा नुकसान झाले त्या क्षणी सांगावे. त्या क्षणी सांगितले असते तर हे ओझे काही शे रुपयांचेच होते. ते जड केले लपवण्याने.

मी हे बोलणार तोच उस्तादांनी पाटीखालची मळकी वही काढली. पान उलटून माझ्यासमोर धरले. मागच्या वर्षी बसवलेल्या चेन-स्प्रॉकेटचे साडेतीनशे रुपये माझ्या नावावर बाकी होते. "तुम्हारे जैसे बीस मास्टर है इस वही में," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मी विसरलो होतो, खरोखर विसरलो होतो. पण घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्या, ही हदीस वर्गाच्या भिंतीवर मीच लिहून लावलेली आहे. वर्षभर त्यांनी मला उधारीची आठवण दिली नाही आणि मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत राहिलो. मी तिथल्या तिथे पैसे दिले. वहीवर रेघ ओढली गेली.

पुढे काय झाले ते सरळ सांगतो. उस्तादांनी चूक कबूल केली नाही. "मैंने करा" हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. पण म्हणाले, "गाडी लाते रहो, मजुरी मैं काटता." त्यानंतर वर्षभर त्यांनी माझ्याकडून कामाची मजुरी घेतली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले. माझ्या अंदाजाने हजार-बाराशे फिटले असतील. बाकीचे मी सोडले आहेत. तोंडाने सोडले आहेत, कारण माणसाचा हक्क ज्याचा त्यानेच माफ करायचा असतो. हुकूकुल इबाद अल्लाहसुद्धा त्या माणसाच्या वतीने परस्पर माफ करत नाही, अशी आपली शिकवण आहे. पण जे कबूलच झालेले नाही ते माफ कसे करावे, हे मला आजही नीट उमगलेले नाही. भरपाई झाली म्हणजे हिशेब कायद्यापुरता पूर्ण होतो. ढिगाखालचे धान्य मात्र खालीच राहते.

हा प्रश्न मी एका बोल्टवरून इतका लांबवतो आहे, कारण हा आपल्या घरचा धंदा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान कामगार पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जास्त अवलंबून आहेत आणि वाहनदुरुस्ती हा त्यांतला एक ठळक धंदा आहे, असे त्यात नोंदवले होते. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी, कुठल्याही गावाच्या स्टँडजवळ उभे राहिले तर ते डोळ्यांनी दिसते. ज्यांना सरकारी दार उघडले नाही त्यांनी पाना हातात घेऊन इज्जतीची रोटी कमावली. गावातला हिंदू शेतकरी, दलित ऊसतोड मजूर, मारवाडी दुकानदार, सगळे आपली गाडी या हातांत देतात आणि चहा प्यायला जातात. आपल्याविषयी सभांमध्ये काय बोलले जाते ते बोलले जावो, रोजच्या व्यवहारात हा विश्वास अजून टिकून आहे. तो भाषणांनी मिळालेला नाही. एकेक बोल्ट नीट बसवून मिळालेला आहे, आणि जाईल तोही एकेका बोल्टनेच.

सूरह कससमध्ये मदयनच्या विहिरीवरची हकीकत आहे. हजरत मूसा (अ.) यांनी दोन बहिणींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांतली एक वडिलांना सांगते की यांना कामावर ठेवा, कामावर ठेवायला उत्तम माणूस तो, जो बलवानही आहे आणि विश्वासूही. अरबीत ‘क़वी’ आणि ‘अमीन’. आजच्या कारागिराचे बळ म्हणजे त्याचे कसब. दोन्ही एकत्र हवे. आपण अमीनवर वाझ ऐकतो, क़वीला विसरतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. तिथे फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. ज्यांनी तीस वर्षे कार्बोरेटरच्या आवाजावरून रोग ओळखला, त्यांच्यापुढे आता मुके यंत्र आहे. ठाऊक नसताना हात घालणे, हीसुद्धा बेइमानीच आहे. वैद्यकीचे ज्ञान नसताना इलाज करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी आहे, असे हदीसमध्ये आलेले आहे. "ही गाडी मला जमत नाही, दुसरीकडे न्या," असे म्हणणाऱ्या मेकॅनिकचे आपण कौतुक करायला हवे. आपण त्याला कच्चा म्हणतो.

आणि शेवटी त्या मुलाकडे येतो. त्या संध्याकाळी जाता जाता त्याने मला विचारले, "सर, ग्लोब याद है?" मला आठवत नव्हते. त्याला होते. सहावीत असताना त्याच्या हातून वर्गातला पृथ्वीचा गोल पडून फुटला होता. मी विचारल्यावर तोच उठून उभा राहिला आणि म्हणाला की माझ्या हातून फुटला. मी त्याला सगळ्या वर्गासमोर पूर्ण तास बाकावर उभे केले आणि गोलाचे पैसे घरून आण म्हणालो. हमालाचा पोरगा तो. तीन दिवस शाळेत आला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही देण्यास मनाई करते, हे मला तेव्हाही माहीत होते. बी.एड.च्या पदवीने ते शिकवले होते. मी काठी उचलली नाही, म्हणजे आपण कायद्यात आहोत, असे मी समजलो.

आता हिशेब मांडून पाहतो. या मुलाने आयुष्यात तीनदा खरे सांगितले. पहिल्यांदा मला, आणि बाकावर उभा राहिला. दुसऱ्यांदा उस्तादांना, आणि चापट खाल्ली. तरीही तिसऱ्यांदा तो माझ्या दाराशी आला. पहिल्या दोन वेळी त्याला लपवायचे धडे कोणी दिले? उस्तादांना मी बोल्टचा जमान विचारायला गेलो होतो. पण हातून चूक होणे आणि ती लपवणे, यांतला फरक ज्या वयात शिकवायचा, त्या वयात तो माझ्या वर्गात होता. त्या वर्गात मी दोन्हींना एकच शिक्षा ठेवली होती. खरे सांगूनही तीच आणि लपवूनही तीच, मग कोण कशाला सांगेल? मदिन्याच्या त्या बाजारात ओले धान्य वर ठेवणाऱ्यासाठी जागा होती. त्याला कमी भाव मिळाला असता, इतकेच. आपल्या गॅरेजात, वर्गात आणि घरात ती जागा आहे का?

माझ्यापुरते मी दोन-तीन बदल केले आहेत. गाडी टाकताना किलोमीटर, सांगितलेले काम आणि ठरलेली मजुरी एका चिठ्ठीवर लिहून देतो आणि त्यावर उस्तादांची सही घेतो. पहिल्या वेळी त्यांना राग आला, आता तेच गिऱ्हाइकांना चिठ्ठी मागतात. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, असे कुरआन सांगते. मग दुरुस्तीचा लिहिण्यात अविश्वास कसला? जुना पार्ट परत मागतो. उधारी ठेवत नाही. मुलाचा दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरून दिला आहे. दिवसा पाना, रात्री पुस्तक, असे चालले आहे.

आणि शाळेत नवा गोल आला आहे. मागच्या महिन्यात पाचवीच्या एका मुलीच्या हातून त्याचा दांडा मोडला. ती तो दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलाशी आली आणि रडायला लागली. मी तिला विचारले, "कसा मोडला ते सांग, म्हणजे बसवता येईल." आम्ही दोघांनी मिळून तो बसवला. थोडा वाकडा बसला आहे, आणि मी तो तसाच, सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला आहे.